मातीखालचा रंग

मला चित्र काढता येत नाही. सरळ रेघ मारायला गेले तरी वाकडी जाते. रंग मात्र कळतो, कारण माहेर रंगाऱ्याचं. नांदेडात आमचं साड्या-ओढण्या रंगवायचं दुकान होतं. चौथीनंतर बापाने शाळेतून काढलं आणि भट्टीपाशी बसवलं. गिऱ्हाईक कापडाची चिंधी घेऊन यायचं आणि म्हणायचं, हिच्यासारखा रंग पाहिजे. ती चिंधी आधी बाहेर उन्हात नेऊन बघायची, मग कढईत काय काय घालायचं ते ठरवायचं. मला येतं ते एवढंच.

म्हातारपणी लातूरला मुलाकडे आले. त्याच्या इमारतीतल्या खोल्या भाड्याने दिलेल्या आहेत. पोरांना डॉक्टर करायचं म्हणून गावोगावच्या आया इथे येऊन राहतात. पोर क्लासला गेलं की दोन वेळचा डबा सोडून त्यांना काम नसतं, आणि रिकाम्या बायका भांडतात. म्हणून सुनेने खालच्या हॉलमध्ये दुपारचा रंगीत पेन्सिलींचा वर्ग काढला. चित्र ती शिकवायची, रंग निवडायला मी.

माझा नियम एकच. चित्राला हात लावायच्या आधी डब्यातून पाच पेन्सिली काढायच्या. कागदाच्या कडेला त्यांच्या पट्ट्या ओढायच्या, एकीवर दुसरी चढवायची, दारात उन्हाला धरून बघायचं. जुळल्या की डबा बंद. पुन्हा उघडायचा नाही.

भोकरच्या एका बाईला हे कधी पटलं नाही. "मावशी, पाचच वापरायच्या तर बाकीच्या काय लोणच्यात घालू?"

"घाल. चित्रात घालू नको."

मग तिने मुद्दाम देवणीची गाय काढली. काळे ठिपके तेवढे रंगवले, बाकी कागद तसाच सोडला. "घ्या, एका पेन्सिलीत गाय केली." सगळ्या हसल्या. मी म्हटलं, बरोबर आहे, पांढरा रंग कागदच देतो.

तिच्या शेजारी औशाच्या पुढची एक बाई बसायची. भूकंपात पडलेल्या गावातली. ती लहान असताना आई त्यात गेली. दगडमातीचं घर, वर मातीचं जड माळवद, ते सगळं बसलं. ही बापाजवळ अंगणात झोपली होती म्हणून वाचली. त्या पहाटे नांदेडात आमच्या मांडणीवरची भांडी वाजली होती. मी कूस बदलून पुन्हा झोपले होते.

आईचा फोटो एकच होता, तो भिंतीबरोबर गेला. हिची पोरगी क्लासच्या शेवटच्या वर्षाला होती. परीक्षा झाली की कुठल्या कुठे जाणार. तिच्याबरोबर आजीचं चित्र द्यायचं, एवढ्यासाठी ही बाई वर्गाला आली होती. "मी हाय तवर काढून ठिवते," म्हणायची. "माझ्यामागं कोन सांगनार तिला, आजी कशी होती?"

सुनेच्या मदतीने तिने चुलीपाशी बसलेली आई काढली. चेहरा जमला. म्हणजे ती म्हणाली जमला, आम्ही कुठे बघितला होता?

मग साडी आली. तिने पेन्सिली काढल्या त्या सगळ्या मातकट. तपकिरी, खाकी, विटकरी, असल्याच.

मी म्हटलं, "पोरी, ही साडी आहे का शेत?"

"मला ह्योच रंग दिसतो, मावशी." मग तिने सांगितलं. भूकंपाच्या आदल्या संध्याकाळी गणपती बुडवायचे होते म्हणून आईने सणाची साडी पेटीतून काढली. नेसताना हिने बघितलं होतं. सकाळी बापाने ढिगातून ओढून काढली तेव्हा आई डोक्यापासून पायापर्यंत माती. "त्याच्या खालचा रंग येतच न्हाई. लई बघते, मातीच म्होरं येते."

दुकानात गिऱ्हाईक चिंधी विसरलं की आम्ही विचारायचो, काठ कसला होता, चोळी कसली होती. तसं हिला विचारलं. तिला आठवेना. मग तिने फोन लावले. तिची मावशी म्हणाली जांभळी, चुलता म्हणाला हिरवी. दोघांचीही खात्री.

"म्हणजे दोघांनाही आठवत नाही," मी म्हटलं. "मग कोरी सोड. जे माहीत नाही ते रंगवायचं कशाला?"

तिने माझ्याकडे बघितलं. "मावशी, माझी माय सवाष्ण गेली. पांढरी ठिवून तिला रांडव करू व्हय?"

भोकरच्या बाईने हातातली पेन्सिल खाली ठेवली. मी जन्मभर साड्या हाताळल्या, पांढरी कोण नेसतं हे मला दुसऱ्याने सांगायची गरज नव्हती. पण माझ्या डोळ्यांपुढे कागद होता, तिच्या डोळ्यांपुढे आई.

"रंगव मग मातीची," मी म्हटलं, आणि शेजारी बसले. आधी फिकी खाकी, त्यावर विटकरी, घडीत तपकिरी. जोर देऊ नको, पेन्सिलीतलं मेण चकाकतं. ती तसं रंगवत गेली. हातापाशी आल्यावर मी विचारलं, "बांगड्या?"

"हिरव्या. हात बघूनच तर वळखली."

हिरवी पेन्सिल तिच्या पाचांत नव्हती. डबा मीच उघडला.

चित्र झालं त्या दुपारी पोरगी क्लासमधून थेट हॉलमध्ये आली. दप्तर पाठीवरच, तोंडात पुटपुटणं चालू. आईने कागद पुढे केला. पोरीने उभ्या उभ्या बघितला.

"आजी अशी होती?"

"हाव."

"साडी अशीच?"

"हाव. अशीच होती."

"लई साधी राहायची का गं?"

"हाव. साधीच राहायची."

पोरीने कागद जाडजूड पुस्तकात घातला आणि जेवायला वर गेली. आजी भूकंपाच्या आदल्या संध्याकाळी सणाची साडी नेसली होती, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. भोकरच्या बाईलासुद्धा. तिने पेन्सिली गोळा केल्या आणि डबा बंद केला.