बाईंसाठी अंथरलेली घोंगडी

कपाटातून जुनी घोंगडी काढली की लोकरीचा उग्र, उबदार वास येतो आणि मी थेट शेळगावच्या चौथीच्या वर्गात जाऊन बसते.

नव्वदच्या दशकातली थंडी. आम्ही धनगर, घरी मेंढरं. मी घोंगडी पांघरून शाळेत जायची आणि पोरं नाकं दाबायची. "बाई, हिचा मेंढरावानी वास येतोय!"

एके दिवशी बाईंनी आफ्रिकेतल्या एका गुराख्याच्या मुलीची गोष्ट वाचायला घेतली. चित्रातला काळा चेहरा बघून वर्ग खिदळला. बाई रागावल्या नाहीत, वाचत राहिल्या. गोष्टीत घरी पाहुणे आले आणि त्या मुलीनं लगबगीनं कातडं अंथरलं. बाई थांबल्या.

"आपल्याकडं पाहुण्याला काय अंथरतात रे?"

"घोंगडी, बाई," सगळ्यात जोरात नाक दाबणारा संपत म्हणाला आणि माझ्या घोंगडीकडं बघायला लागला.

"मग मी पण पाहुणीच की. अंथर गं, सखू."

मी अंथरली. बाई मांडी घालून बसल्या. पुढची गोष्ट ऐकायला पोरं सरकत सरकत घोंगडीच्या काठाला आली. संपत तर पार आत.

तेव्हा वाटलं, बाईंनी माझी लाज राखली. आमच्या बाई बौद्ध होत्या. गावातल्या कुठल्याच घरात त्यांच्यासाठी घोंगडी अंथरलेली मी कधी पाहिली नव्हती, हे मात्र आज आठवतं.