प्लग माझ्या हातात, लाह्या मायक्रोवेव्हमध्ये

भूतबित आपण मानत नाही, हे आधीच सांगून टाकतो. अकोल्यात जठारपेठेत माझं टीव्ही, मिक्सर, मायक्रोवेव्ह दुरुस्तीचं दुकान आहे, वरच घर. आपोआप फिरणारे पंखे, स्वतःहून बोलणारे रेडिओ... लोक काय काय घेऊन येतात, आणि दर वेळी आत सुटलेली वायर नाहीतर मेलेली पाल निघते. त्यामुळे इथे लिहायला जरा लाजच वाटतेय. पण गोष्ट माझ्या आईची आहे आणि ती सांगताना माझी छाती फुगते, त्याला इलाज नाही.

ती वर्षं कापसाची वाईट होती. आमच्या भागात सकाळी पेपर उघडायची भीती वाटायची. अंजनगावकडची शेती माझा मोठा भाऊ, दादा, बघायचा. हंगामामागून हंगाम बसला आणि दादाचं बोलणंच कमी झालं. बांधालगत आईची लाह्यांची ज्वारी असायची. बारीक, टणक दाणा. बी तिनं लग्नानंतर माहेराहून, परतवाड्याकडून आणलेलं, बाजारात मिळत नाही. त्या वर्षी दादानं तेवढी जागाही सोडली नाही, तिथंही सोयाबीन पेरलं. उरली फक्त आईच्या डब्यातली जुनी ज्वारी.

तो डबा घेऊनच आई नागपंचमीला दादासोबत माझ्याकडे आली. पंचमीला आमच्यात तवा-कढई चढत नाही, म्हणून लाह्या आदल्या दिवशीच फोडून ठेवतात. आईनं ज्वारीवर पाणी शिंपडून ती फडक्यात बांधली आणि ऐन वेळी गॅस संपला! सिलिंडर आला तो सण उजाडल्यावर.

"आता नागोबाले काय सोयाबीन दाखवू?" आई तणतणली.

"थे ज्वारी मेली आता, आई. जुनी झाली. कोंबड्याईले टाक," दादा म्हणाला.

"अन् फुटली त? पुढच्या साली पेरशीन?"

दादा हसला. कित्येक महिन्यांनी हसला, पण ते हसणं काही चांगलं नव्हतं. "पेरीन," म्हणाला.

तेव्हा मला कल्पना सुचली. एका गिऱ्हाइकानं टाकून दिलेला मायक्रोवेव्ह मी दुरुस्त करून घरी ठेवला होता, पोरं त्यात पॉपकॉर्न करायची. म्हटलं, "आई, याच्यात ना तवा, ना जाळ. चालते काय?"

आईनं दार उघडून आत हात फिरवला. "जाळ नसन त चालते. नागोबाले काय माईत याचं?"

काचेच्या भांड्यात ज्वारी घातली, वर ताटली ठेवली, बटण दाबलं. आतली थाळी जेमतेम एक गिरकी फिरली आणि लाइट गेली. भारनियमन! दादा "झालं" म्हणून उठला. लाइट गेली की मी आधी प्लग काढतो, कारण येताना व्होल्टेज उसळतं – धंद्याची सवय. तर प्लग माझ्या हातात होता, तेव्हा आत फट् झालं.

मग परत एकदा. मग नुसता तडतडाट... आतला दिवा बंद, थाळी थांबलेली. इन्व्हर्टर तेव्हा आमच्याकडे नव्हताच. मिक्सर न्यायला आलेले शेजारचे रफीकभाई तो आवाज ऐकून जिन्यातूनच ओरडले, "अरे भाई, लाइट तुम्हारेच घर में है क्या?"

मी हातातला प्लग पुन्हा बघितला. आई मात्र कमरेवर हात ठेवून उभी. "फुटून राह्यली पाह्य," एवढंच म्हणाली.

आवाज थांबल्यावर मी दार उघडलं. लाह्यांनी ताटली उचलून फेकली होती आणि भांड्याबाहेर पांढरा ढीग सांडला होता. काच नुसती कोमट. दादानं सगळ्या लाह्या परातीत ओतल्या आणि बोटांनी चाळून चाळून गणंग शोधले. न फुटलेला एक दाणा सापडला नाही. मग आईकडे न बघता त्यानं विचारलं, "बी राह्यलं काय डब्यात?"

"अर्धं ठेवलंच होतं म्या. तुयावर भरोसा नव्हता मले, ज्वारीवर होता."

दादा परातीवर वाकून रडला. मीही रडलो.

नंतर मी तो मायक्रोवेव्ह पूर्ण खोलला. कपॅसिटरमध्ये उरलेल्या करंटवर लाह्या फुटत नाहीत, हे मी लिहून देतो. मुद्दाम अर्ध्यात प्लग काढूनही कितीदा पाहिलं... दाणा नुसता कोमट होऊन बसतो.

पुढच्या साली दादानं ज्वारी पेरली, दर साली पेरतो. आई आता नाही. पंचमीच्या आदल्या दिवशी मीच लाह्या फोडतो, आणि दादाचा फोन येतो, "गणंग किती निंगाले रे?"

"मूठभर."

"मंग आईवानी नाई जमलं तुले," तो खुशीत म्हणतो आणि आईच्या ज्वारीला यंदा कणसं कशी लागलीत, ते मला सांगत बसतो.