गनीभाईंनी दुरुस्त केलेला रिमोट

आमचे हे, म्हणजे गनीभाई, कुवैतहून कायमचे परत आले त्याला बरीच वर्षं झाली, तरी मोहल्ल्यात त्यांना अजून फोरमनच म्हणतात. तिथे मोटारींच्या मोठ्या शोरूमला फोरमन होतो, असं त्यांनीच सांगितलेलं. मी त्यांची बायको, बिल्किस. फोरमनची बायको म्हणून लग्नकार्यात मलाही पुढची खुर्ची मिळायची. खोटं कशाला बोलू, बसायचे मी ऐटीत.

पण खरं काय ते मला ठाऊक होतं. तिकडे त्यांच्या खोलीत नाटे गावचा एक माणूस राहायचा, त्याची बायको एकदा माझ्याजवळ बोलून गेली. आमचे हे तिथे गाड्या धुवायचे. भर उन्हात, बादली घेऊन. त्या दिवशी घरी येऊन मी खूप रडले. धुण्याची कसली लाज? त्याच कष्टावर आमची लेक उझमा शिकली. पण माणसाला बायकोपासूनही लपवावं लागलं, याची मला लाज वाटली. मी बोलले नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ही तर आपल्याच नवऱ्याची.

मोहल्ल्यातलं कुणी गाडीची तक्रार घेऊन आलं की हे ऐटीत सांगायचे, "शोरूमला न्या. इथे ती मशिनं कुठे आहेत?" लोक माना डोलवायचे. मात्र कुणाची रिक्षा दारात उभी राहिली की फडकं घेऊन पुसायला लागायचे. लोकांना वाटायचं, काय ती फोरमनची शिस्त!

गेल्या रविवारी पूर्णगडहून उझमाचे होणारे सासरचे लग्नाची तारीख ठरवायला आले. मुलगा जिब्रान आणि त्याची आई. उझमाचा जोडा, म्हणजे लग्नाचे कपडे, आणि मिठाई गाडीच्या डिकीतच ठेवली होती, तारीख ठरली की काढायची. चहा झाला आणि जिब्रानने खिशातून गाडीचा रिमोट काढला.

"चाचा, हा हल्ली त्रास देतो. दाबत बसावं लागतं, तेव्हा कुठे दार उघडतं. तुम्ही जरा बघता?"

"बघतील की!" त्याची आई म्हणाली. "आम्ही काय उगाच फोरमनच्या घरी आलो?"

मी स्वयंपाकघराच्या दारातून खुणा करत होते. अहो, शोरूमला न्या म्हणा की! यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. रिमोट घेऊन मागच्या पडवीत गेले, उझमाला मऊ फडकं आणायला सांगितलं.

बहुतेक सेल उतरला असणार. हे आज कळतंय, शोरूमच्या माणसाने सांगितलं म्हणून. तेव्हा यांनी काय केलं? रिमोट उघडला आणि कुवैतहून आणलेला गाडी चमकवायचा फवारा आत फस्सकन मारला. मग जुन्या ब्रशने कानाकोपरा घासला, पुसला, फुंकर मारली. सेल परत बसवून बंद केला. तौबा, काय चकाकत होता मेला! आयुष्यभर जे काम हाताला ठाऊक, तेच हाताने केलं.

अंगणात जाऊन दाबला. काही नाही. परत दाबला. आधी निदान कधीतरी ऐकायचा, आता साफ मेलेला. यांच्या कपाळावर घामाचे थेंब आले. जिब्रानने शोरूमला फोन लावला. तिथल्या माणसाने सांगितलं, रिमोटच्या कडेला खटका आहे, तो सरकवा, आत साधी चावी निघेल. चावी निघाली, दार उघडलं, आणि गाडी बोंबलायला लागली! असा भोंगा, की सगळा मोहल्ला बाहेर आला.

"काय हो फोरमन," समोरचा रघू मासळीवाला ओरडला, "तुमच्या दारात गाडी बोंबलते?"

भोंगा एकदाचा आपोआप थांबला. जिब्रानच्या आईने विचारलं, "पण रिमोटला झालं काय?"

 हे चपलांकडे बघत म्हणाले, "उझमाकडे दिला होता धरायला. ओल्या हाताने धरला असणार. आजकालच्या पोरी, लक्ष कुठे असतं!"

 पोरीने नुसतं फडकं आणून दिलं होतं. असा संताप आला मला, आणि त्याहून जास्त शरम. हा माझा नवरा? स्वतःच्या पोरीला, तिच्या सासूसमोर?

उझमा खाली बघत म्हणाली, "हो. भांडी धूत होते. चुकलं माझं."

जिब्रानच्या आईचं तोंड उतरलं. "आमच्याकडे असं धसमुसळं चालायचं नाही. तारखेचं बघू सावकाश." तिने पदर सावरला आणि गाडीकडे वळली.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात हेच पुढे झाले. 

"थांबा. पोरीने हातसुद्धा लावलेला नाही. फवारा मी मारला. मला रिमोटमधलं काही कळत नाही. मी तिथे गाड्या धुवायचो. फोरमन वेगळा होता, तो आम्हाला शिव्या घालायचा."

सगळ्या मोहल्ल्याने ऐकलं. 

उझमाला रडू फुटलं. "अब्बा, कशाला सांगितलंत? मला केव्हापासून माहीत होतं. म्हणून तर मी माझ्यावर घेतलं ना!"

"ते कळलं मला," हे म्हणाले. "म्हणूनच सांगितलं."

जिब्रानची आई परत उझमाजवळ आली. मग लेकाला म्हणाली, "डिकी उघड. मुलीचा जोडा काढ आधी."

सगळे आत गेले. हे मात्र पायरीशीच उभे. मी हाक मारायला बाहेर आले तर भिंतीकडे तोंड फिरवलं.

"तू जा आत, बिल्किस. तुला कुठलं तोंड दाखवू मी?"

"तेच दाखवा," मी म्हटलं. "इतकी वर्षं तेच तर बघतेय मी."