एक गोष्ट वाचायची राहिली

“बाई, हे पुस्तक आजच विथड्रॉ करा,” असं म्हणत ग्रंथालय कमिटीच्या चिटणीससाहेबांनी माझ्या टेबलावर रिन्यू करायला आलेलं पुस्तक उचललं.

विथड्रॉ म्हणजे ग्रंथालयातून कायमचं काढून टाकणं. वाळवी लागलेली, पानं निसटलेली पुस्तकं आम्ही अशी काढायचो. हे चांगलं धडधाकट होतं. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींसाठी निरनिराळ्या लेखकांनी लिहिलेल्या गोष्टींचा संग्रह. सत्तरच्या दशकात मी सोलापुरात लायब्ररियन होते. या वयाला द्यायला आमच्याकडे फारसं काही नसायचं; एकतर परीकथा, नाहीतर थेट मोठ्यांच्या कादंबऱ्या. म्हणून ते मी मुद्दाम मागवलं होतं.

ते सारखं लक्ष्मीच्याच कार्डावर जायचं. तिचे वडील विणकर, घरात तेलुगू. शाळा सुटल्यापासून ती आईबरोबर विड्या वळायची. दुपारी वस्तीतल्या बाया एकत्र बसायच्या. लक्ष्मी मराठीत गोष्ट वाचायची, तेलुगूत समजावायची आणि तिच्या वाटणीच्या विड्या बाकीच्या वळून द्यायच्या. मी एकदा गेले, तेव्हा गोष्टीतल्या आईवरून दोघी बायांची अशी जुंपली होती, की लक्ष्मीनं सांगेपर्यंत मला वाटलं ती आई शेजारीच राहते.

“तक्रार काय आहे, साहेब?” मी विचारलं.

“एका गोष्टीत मुलगी बापाला सांगते, मॅट्रिक झाल्याशिवाय लग्न करणार नाही. वस्तीतल्या एका पोरीनं घरी तेच ऐकवलं. तिचा मामा आला होता माझ्याकडे.”

“तुम्ही वाचलीत ती गोष्ट?”

“वाचायची काय गरज?”

“कमिटीनं वाचल्याशिवाय पुस्तक काढता येत नाही. आपलाच नियम आहे.”

साहेब चिडले. “मग मीटिंगमध्ये ठेवू. तोवर कुलपात राहू द्या.”

पहिल्या मीटिंगला कोरम झाला नाही, म्हणजे ठराव करण्याइतके सभासदच आले नाहीत. मग अध्यक्ष गावाला गेले. मी एकेकाच्या घरी जाऊन आठवण करून दिली. दुसरी प्रत मागवावी, तर तिलाही कमिटीची सही हवी.

लक्ष्मी येऊन विचारायची, “बाई, सुटलं का पुस्तक? शेवटची एकच गोष्ट ऱ्हायलीय की ओ.”

“बस, मी सांगते तुला.”

“एकटीनं ऐकून काय करू? सगळ्याजणी थांबल्यात.”

मग तिची आईच आली, कार्ड परत करायला. “भिवंडीला चाललो, बाई. मागाचं काम हितं ऱ्हायलं न्हाय. लक्ष्मी गेली बापाबरोबर पुढं. तितं असं वाचनालय हाय का, ते तुमाला इचारायला सांगितलंय तिनं.”

मला माहीत नव्हतं. तसं सांगून मी कार्ड घेतलं.

त्यानंतर मीटिंग झाली. एका सभासदानं गोष्ट वाचून आणली होती. “यात वावगं काय आहे?” त्यांनी विचारलं. चिटणीससाहेबांनी तिथंच ती चाळली. “चांगली आहे की!” म्हणाले. चहा यायच्या आत विषय संपला.

रविवारी मी पुस्तक घेऊन वस्तीत गेले आणि राहिलेली गोष्ट वाचली. बाया खाली मान घालून विड्या वळत होत्या. मला तेलुगू येत नाही. वाचून थांबले, तेव्हा एकीनं वर बघितलं. “झाली?”

“झाली,” म्हटलं आणि उठले.

पुढच्या नोकरीत कुणी एखादं पुस्तक बाजूला ठेवा म्हटलं, की मी आधी मीटिंगची तारीख लिहून मागायचे. पुस्तक कपाटात थांबतं. वाचणाऱ्यांना पोटामागं जावं लागतं.