माहीत नसेल ते माझ्याकडे पाठव

समजा, तुमच्यासमोर एक काळा पडदा आहे आणि त्यावर एक पांढरी खूण लुकलुकतेय. तुम्हाला एका राऊटरला सांगायचंय, की ज्या पत्त्याची वाट तुला ठाऊक नाही, ते सगळं या एका तारेवर सोड. जगात पत्ते कोट्यवधी आहेत आणि तुमच्या राऊटरला त्यातले जेमतेम चाळीस माहीत आहेत. बाकी सगळ्यांसाठी ही एक ओळ. तिला डिफॉल्ट रूट म्हणतात. ती लिहा, एंटर दाबा. आता दुसरी ओळ: ही वाट शेजारच्या राऊटरांनाही कळव. म्हणजे तेही त्यांना न समजलेलं सगळं तुमच्याकडे पाठवतील. आता या ओळीच्या शेवटी एक शब्द जोडायचा की नाही, ते ठरवा. शब्द आहे 'ऑल्वेज'. तो जोडला, तर राऊटर कायम 'माझ्याकडे द्या' असं सांगत राहतो, मग त्याच्याजवळ पुढची वाट असो वा नसो.

तुम्ही जोडाल?

उर्वशी राठोडनं जोडला होता.

उर्वशी एकोणतीस वर्षांची आहे. यवतमाळच्या पॉलिटेक्निकमधून तिनं डिप्लोमा केला. आता ती पांढरकवड्यात, खेड्यांना इंटरनेट देणाऱ्या एका छोट्या संस्थेत काम करते. ऑफिस हायवेला लागून आहे. ट्रक गेला की टेबलावरचा चहा थरथरतो. तिच्या ताब्यात नऊ टॉवर आहेत आणि प्रत्येक टॉवरखाली एक राऊटर. बाहेरच्या जगाकडे जायला दोन वाटा. मोठी वाट पांढरकवड्याच्या फायबरची. दुसरी, बारीक, वणीची. पहिली तुटली तरच वापरायची. वणीचं टोक अतुल सांभाळतो. तो तिच्याहून दोन वर्षांनी लहान आहे आणि तिला ताई म्हणून छळतो.

नऊपैकी एक टॉवर उर्वशीच्याच बंजारा तांड्यात आहे. तिचे वडील गुलाबसिंग या तांड्याचे नाईक, म्हणजे प्रमुख. तांड्यात परका माणूस आला, की कोणाकडे जायचं हे त्याला माहीत असायची गरज नसते. तो नाईकाच्या घरी जातो. सोयरीक विचारायला आलेले, हरवलेली गाय शोधणारे, लस टोचायला आलेली नर्स, वाट चुकलेला ट्रकवाला, सगळे आधी या ओट्यावर. उर्वशीची याडी, म्हणजे आई, पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर येते आणि मग गुलाबसिंग विचारतात, "बोला." त्यांनी कोणाला 'दुसरीकडं जा' म्हटल्याचं उर्वशीनं लहानपणापासून ऐकलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी फायबर सारखं मिणमिणायचं. मिनिटभर जायचं, परत यायचं. दर वेळी नऊ गावांचे राऊटर गोंधळून इकडचे तिकडे व्हायचे. ते थांबावं म्हणून उर्वशीनं ऑफिसातल्या राऊटरवर तो शब्द जोडला. माहितीपुस्तकात त्याच्याखाली इशारा छापलेला होता: विचार करून वापरा. तिला तेव्हा त्याचं नवलच वाटलं. ज्याच्याकडे सगळे येतात, त्यानं नेहमी 'या' म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? गावं स्थिरावली आणि ती तो शब्द विसरून गेली.

गेल्या ऑगस्टमधली गोष्ट. तांड्याला लागूनच कोलाम आदिवासींचा पोड, म्हणजे वस्ती आहे. तिथल्या मथुराबाई टेकाम यांच्या नातीला, गुंजनला, नर्सिंगच्या यादीत जागा लागली. पोडातली ती पहिलीच. जागा स्वीकारायची शेवटची वेळ त्या दिवशी संध्याकाळी पाच. स्वीकारायला पोर्टलवर जाऊन यंत्रावर अंगठा लावायचा होता. तसं यंत्र पांढरकवड्याला होतं आणि एक तांड्यातल्या सेवा केंद्रात. मोबाईलला इकडे एकच काडी रेंज मिळते. बोलणं कसंबसं होतं, पोर्टल काही उघडत नाही.

मथुराबाई आदल्या दिवशीच गुलाबसिंगांच्या ओट्यावर येऊन बसल्या होत्या.

"नाईक, शहरात जाऊ का इथंच होईन?"

"कायले जाता? माह्या पोरीचं नेट हाय इथं. या तुम्ही उद्या."

आणि त्या आल्या. पोर्टल आधी दोन तास रडत होतं. सव्वातीनला जरा उघडतंय असं वाटलं आणि नेटच गेलं.

साडेतीनची एसटी तांड्याच्या फाट्यावरून पांढरकवड्याला जाते. तीच पाचच्या आत पोचवणारी शेवटची. मथुराबाई पिशवी उचलून उभ्या राहिल्या. गुलाबसिंगांनी फोन लावला.

"उर्वशी, नेट गेलं. मथुराबाई बसनं निघून राह्यल्या. जाऊ देऊ का थांबवू?"

उर्वशीला पडद्यावर दिसत होतं, की फायबर तुटलंय. हायवेच्या खोदकामात जेसीबीनं तोडलं असणार. पण नऊच्या नऊ टॉवर हिरवे होते आणि वणीची तार जिवंत होती. अशा वेळी सगळं आपोआप वणीकडे वळतं.

"थांबव बा. दहा मिनिटात येते."

गाडी निघून गेली.

दहा मिनिटं झाली, वीस झाली. काहीच वळलं नाही. उर्वशीनं अतुलला फोन केला.

"अतुल, तुह्या वणीले काय झालं?"

"माह्या वणीले काहीच नाही झालं, ताई. दार उघडं ठेवून बसलो हाय. तुमच्या गावातून एक बी येऊन नाही राह्यलं. कोळशाची धूळ तेवढी येते."

"मस्करी नको करू रे. एका पोरीची ॲडमिशन हाय पाचला."

अतुलचा आवाज बदलला. "काय पाह्यचं ते सांग."

त्यानं तार काढून परत जोडली. वणीचा राऊटर बंद करून चालू केला. त्यात पंधरा मिनिटं गेली. दोघंही वणीतच चूक शोधत होते, कारण पांढरकवड्याकडे बघायचं कारणच नव्हतं. ती तार तर तुटलेली होती. चार वीसला वडिलांचा फोन आला. मागून मथुराबाईंचा आवाज ऐकू येत होता, "पाच वाजता खरंच बंद करतेत का ते?" आणि गुंजनचा, "आजी, तू गप ना जरा."

उर्वशी नंतर मला म्हणाली, की तिला ते 'गप ना जरा' सगळ्यात जड गेलं. पोरगी रडत असती तर बरं, ती आजीला धीर देत होती.

मग तिनं जे पहिल्यांदा करायला हवं होतं ते केलं. तांड्याच्या राऊटरमध्ये शिरली आणि त्यालाच विचारलं, की तुला माहीत नसलेलं तू कुठे पाठवतोस? उत्तर एका ओळीत आलं: पांढरकवड्याला. दुसऱ्या टॉवरला विचारलं. पांढरकवड्याला. म्हणजे नऊ गावांचं सगळं तिच्याच टेबलाजवळच्या राऊटरकडे येत होतं आणि त्याच्यापुढे वाट नसल्यानं तिथेच मरत होतं. आणि राऊटर मात्र अजून सगळ्यांना सांगत होता: माझ्याकडे द्या, माझ्याकडे द्या.

तिला दोन वर्षांपूर्वीचा तो शब्द आठवला.

तिनं तो काढला. एवढंच काम होतं. पांढरकवड्याचा राऊटर गप्प झाला, तसं नऊ टॉवरना वणीचं म्हणणं ऐकू आलं. फोनवर अतुल ओरडला, "आले, आले! ताई, एकदम जत्राच आली!"

तेव्हा चार अडतीस झाले होते. वणीची वाट बारीक आणि नऊ गावं एकदम आलेली, त्यामुळे पोर्टल उघडायला सहा मिनिटं लागली. गुंजन आठवडाभर कापसात निंदायला जात होती. बोटांची कातडी घासलेली. यंत्र दोनदा 'पुन्हा प्रयत्न करा' म्हणालं. मथुराबाईंनी तिचा अंगठा आपल्या पदरानं पुसला आणि स्वतःच्या हातानं धरून काचेवर दाबला. चार बावन्नला जागा स्वीकारली गेली.

त्या शनिवारी उर्वशी घरी गेली. वडील ओट्यावर बसले होते. त्यांचं आपसांतलं बोलणं गोरबोलीत, म्हणजे बंजारा बोलीत होतं, मी इथल्या मराठीत लिहितो.

"बा, चूक माही होती," ती म्हणाली आणि तिनं सगळं समजावलं. "तुह्यावरूनच शिकली मी. कोणी बी येवो, 'ये' म्हणायचं."



"मी कधी म्हटलं असं उगाच?" गुलाबसिंग म्हणाले. "नर्सबाईले ये म्हणायच्या आधी शाळेची किल्ली कोणापाशी हाय ते पाहून ठेवतो मी. पाहुण्याले जेव म्हणायच्या आधी तुह्या याडीले विचारतो, पीठ हाय का म्हणून. तुले काय वाटलं, असाच बसतो मी इथं?"

"आन मथुरामावशीले कशाच्या भरवशावर ये म्हटलं?"

"तुह्या. ये म्हटलं त्या दिवशी सकाळी फोन नव्हता केला का तुले?"

फोन तर ते रोजच करतात. दहाच्या सुमाराला. 'जेवली का?' विचारतात, ती 'हो' म्हणते, ते ठेवून देतात. अर्ध्या मिनिटाचं काम. ऑफिसात सगळे हसतात, अतुल तर फोन उचलला की आधी तेच विचारतो.

"तो त्यासाठी असते?"

"आवाज ऐकला की कळते, पोरगी जागेवर हाय, बरी हाय. मग दिवसभर कोणालेही 'या' म्हणायले हरकत नाही."

त्या दिवशी सकाळी उर्वशी जेवलेली नव्हती. दहा वाजता ती कधीच जेवलेली नसते.

सोमवारी तिनं ऑफिसात नवी व्यवस्था बसवली. आता पांढरकवड्याचा राऊटर दर दहा सेकंदांनी पुढच्या टोकाला हाक मारतो. 'हो' आलं, तरच नऊ गावांना 'माझ्याकडे द्या' म्हणतो. नाही आलं की गप्प बसतो आणि वणीला बोलू देतो. तिनं स्वतः तार काढून तीनदा तपासलं. तिन्ही वेळा चोख चाललं.

गुंजन आता यवतमाळला होस्टेलवर आहे. मथुराबाई रविवारी नाईकाच्या ओट्यावर येऊन तिच्याशी बोलतात, चेहरा बघून.

पण उर्वशीचं समाधान झालेलं नाही. तिनं मला कागदावर तीन चौकोन काढून दाखवले: आपला राऊटर, पुढचं टोक, आणि त्याच्याही पुढचं जग. पुढचं टोक जिवंत असेल आणि त्याच्या पलीकडे सगळं तुटलेलं असेल, तरी हाकेला उत्तर येणारच. मग आणखी दूरच्या कोणाला तरी हाक मारायची? तो 'हो' म्हणाला, तर त्याच्यापुढचं काय?

बोलता बोलता दहा वाजले. तिचा फोन वाजला. ती म्हणाली, "हो बा, जेवली," आणि फोन ठेवून पेन्सिलीनं तो मधला चौकोन गिरवत बसली. टेबलाखाली तिचा डबा बंदच होता.

"सांग ना," ती मला म्हणाली, "नुसतं 'हो' आलं, म्हणजे तिकडं सगळं खरंच ठीक हाय, हे त्यानं कसं ओळखायचं?"