संकलनवाले काका

आमच्या मुलुंडच्या सोसायटीतले एक काका रोज सकाळी ग्रुपवर एक गाणं टाकतात. गाणं कुठून तरी फुकट उतरवलेलं, पण खाली 'संकलन' म्हणून स्वतःचं नाव ठळक अक्षरांत. गायकाचं नाव कधीच नाही. टोकलं की म्हणतात, "अरे, कला सगळ्यांची असते रे!"

काल लिफ्टच्या दारात पाय घालून त्यांनी मला थांबवलं. "बी विंगवाल्याने माझं गाणं ढापलं, माझं नाव उडवून पुढे पाठवलं! दुसऱ्याच्या मेहनतीची काही किंमत आहे की नाही?"

त्यांनी ते गाणं लावलं आणि माझं डोकंच फिरलं. "काका, यातली बासरी मी वाजवलीय."

काका एकदम खुलले. "झकास! मग तूच ग्रुपवर सांग ना, हे गाणं आधी मी टाकलं होतं म्हणून."