लाभ, दोन, तीन...

भूतखेत, करणी, आत्मा — असल्या गप्पा निघाल्या की मी चहा आणायला उठतो. मांजर आडवं गेलं तरी न थांबता पुढे निघणारा माणूस आहे मी. तरीही हे लिहितोय, कारण इतकी वर्षं झाली तरी डोक्यातून जात नाही.

आम्ही बंगळूरचे जुने मराठी. घर मल्लेश्वरममध्ये, आणि अण्णांचं — माझ्या वडिलांचं — साड्यांचं होलसेल दुकान चिकपेटेत. आमची मराठी ऐकून पुण्याचे पाहुणे गालातल्या गालात हसतात. अण्णा साड्यांचा गठ्ठा मोजताना जुन्या व्यापाऱ्यांसारखं 'एक' कधी म्हणायचे नाहीत, 'लाभ' म्हणायचे. लाभ, दोन, तीन... कोविडच्या आदल्या वर्षी त्यांना पक्षाघात झाला आणि वाचा गेली. मग नुसतं 'अं... अं...' एवढंच उरलं.

दुसऱ्या लाटेत आईला ताप आला. आमच्या फॅमिली डॉक्टरांच्या क्लिनिकला कुलूप, दारावर कागद — 'फक्त फोनवर'. फोन कोणी उचलेल तर शपथ! शेजारच्या अक्कांनी सरकारी आरोग्य केंद्राचा नंबर दिला. "लावत राहा, स्वल्प वेळ लागतो," म्हणाल्या. स्वल्प म्हणजे दोन दिवस. एरवी देवाला हात न जोडणारा मी, तेव्हा अगदी देव पाण्यात घालून बसलो होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला तिकडून फोन आला. डॉक्टर तरुण मुलगी, बोलण्यावरून बेळगावकडची. तिने आम्हाला कधी पाहिलेलं नाही. "फोन स्पीकरवर ठेवा सर. आईंना मोठा श्वास घ्यायला सांगा आणि एका दमात जमेल तिथपर्यंत मोजू द्या."

आईने मोजलं. तेवीसपर्यंत गेली. मला हायसं वाटलं. पुढचे काही क्षण नुसता पंखा घरघरत राहिला.

"बरं... आणि हे दुसरे पेशंट? त्यांना आधी न्यायला पाहिजे. सातलाच दम संपला त्यांचा."

"दुसरे कोण?"

"आत्ता मोजलं ते आजोबा. आधी लाभ का काहीतरी म्हणाले, मग दोन, तीन..."

मी चिडलोच. "मॅडम, क्रॉस कनेक्शन असेल. घरात आम्ही तिघंच आहोत, आणि वडिलांना बोलता येत नाही!"

"भांडू नका सर. एकदा बघा तरी त्यांना."

अण्णा खिडकीजवळच्या कॉटवर होते, माझ्यापासून दोन हातांवर. ताप नाही, खोकला नाही, म्हणून त्यांच्या बोटाला ऑक्सिमीटर एकदाही लावला नव्हता. लावला. अडुसष्ट. झटकून परत लावला. अडुसष्टच. अण्णा माझ्याकडे बघत होते. त्या नजरेची मला अजून लाज वाटते.

त्या मुलीने खटपट करून संध्याकाळपर्यंत बेड मिळवून दिला. सहाव्या दिवशी अण्णा गेले.

पुढे मी गच्चीवर जाऊन, आईला न सांगता, त्या डॉक्टर मुलीला फोन केला. "तुम्ही नेमकं काय ऐकलंत?"

"सांगितलं तेच सर. पाचावर खूप अडखळले, मग सहा, सात... लाभ म्हणजे काय हो?"

मला रडूच फुटलं.

कामाच्या सवयीमुळे माझे सगळे कॉल आपोआप रेकॉर्ड होतात. तो कॉल शंभरदा ऐकलाय. आईचं तेवीस... मग दहा-बारा सेकंद पंख्याची घरघर... मग डॉक्टरांचं "बरं... आणि हे दुसरे पेशंट?" मध्ये काही नाही. व्हाइटफील्डच्या ऑफिसातला एक मित्र साउंडमधला जाणकार, त्यालाही देऊन पाहिलं. पंखा आहे, म्हणाला.

मागच्या महिन्यात आईने हट्टाने ते रेकॉर्डिंग मागितलं. पंख्याची जागा आली तसे तिने डोळे मिटले आणि फोन कानाशी घट्ट धरला. पाचावर अडखळल्याचं मी तिला कधीच सांगितलं नव्हतं. तिलाच काय, कोणालाच नाही.

फोन खाली ठेवून ती म्हणाली, "पाचावर केवढे अडखळले रे ते... आणि आपण तिथेच बसलो होतो."

कोणाला याचा उलगडा होत असेल तर जरूर सांगा. मला होत नाही. मी अजूनही ते रेकॉर्डिंग लावतो. मला पंखाच ऐकू येतो.